विंचू

अण्णा माझ्या चपलेत विंचू घालायचे.
खरा नव्हे. कातड्याच्या दोन थरांत दडवलेलं बी,
पाऊल पडलं की कर्र करणारं.
सुभाषनगरात पोरीच्या पायात असलं कोण घालत नसे,
ते पैलवानांचं, पाटलांचं, रुबाबाचं काम.
पण मी सुटायची.
गुजरीत, लक्ष्मीपुरीच्या बाजारात, जोतिबाच्या पायऱ्यांवर
धरलेला हात सोडून
शेंगांच्या ढिगावरच्या एका चिमणीमागं.
अण्णा म्हणायचे,
आवाज असला की सापडती.

तोच आवाज वर्गात शिरला
तेव्हा चाळीस माना वळल्या.
घोडकेबाईंचा प्रश्न अर्धा
तोवर माझं उत्तर तोंडाबाहेर,
आणि उत्तर निम्म्यात आलं
तोवर मी खिडकीबाहेर.
"विजयमाला, मधी मधी बोलू नको."
"विजयमाला, आता बोल की. मघाशी लई तोंड फुटलं हुतं."

सातवीत मी सुरीनं तळ उसवला,
बी काढून गटारीत टाकलं.
अण्णांनी चप्पल उलटी करून बघितली,
काही बोलले नाहीत,
शिवून दिली.

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी
डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"आधी काय? माणसांची भीती, की हे विसरणं?"
मी तर दोन आजार धरून
दोन फिया मोजून आणल्या होत्या.

विसरणं आधी. ते जन्माचंच,
डोक्यात आठवडी बाजार, आणि रोजच.
भीती नंतर आली,
रंकाळ्यात जलपर्णी आली तशी.
कुणी लावली नव्हती.
रोज थोडं सांडपाणी येत गेलं, एवढंच.
"लक्ष कुठाय", "किती येळा सांगायचं",
"हिला घरी ठेवा, पाहुण्यांत काय बरळंल नेम नाही."
एक दिवस बघते तर वरून सगळं हिरवंगार, निवांत,
लोक म्हणाले, पोरगी सुधारली,
किती शांत झाली.

आता शरयूचं सांगते.
तिनं बारशाचा मेसेज पाठवला,
मी वाचून आनंदानं उडालेच.
गॅसवर कढी होती.
उत्तर राहिलं.
दुसऱ्या दिवशी उशीर झालेला,
म्हणून जरा छान लिहायचं ठरवलं.
आठव्या दिवशी फारच छान लिहावं लागणार होतं.
चाळिसाव्या दिवसापासून
ती ज्या गल्लीत राहते
ती गल्ली मी नकाशातून काढून टाकली.
घरी जायला मला आता पाऊण तास लागतो.
पोर चालायला लागलं असेल,
हा हिशेब मात्र मी कधी विसरले नाही.

परवा रंकाळ्यावर ती दिसली.
मी भेळेच्या गाडीआड.
कांदा चिरणारा म्हणाला, "ताई, तिखट का मध्यम?"
मला उत्तर सुचेना,
एक पाऊल मागं घेतलं
आणि कर्र.

निघताना घाईत
हाताला लागली ती चप्पल घातली होती,
अण्णांनी शेवटची केलेली,
खोक्यात तशीच पडून राहिलेली.
त्यांनी परत बी घातलं होतं
आणि मला सांगितलं नव्हतं.

"मालू?"

दोन वर्षं घोकलेली माफी
तोंडापर्यंत आली, आणि मी म्हणाले,
"अगं, कढी उतू गेली."

"कसली कढी?" शरयू हसली की चिडली
ते नीटसं कळलं नाही.
कानशिलं तापलेली, हातात भेळेचा कागद,
भेळ कधी घेतली, पैसे दिले का, देव जाणे.
पोरगं येऊन माझ्या पायाशी उकिडवं बसलं,
चपलेला बोट लावून म्हणालं,
"अजून."

मी एक पाऊल टाकलं.
त्यानं कान खाली नेला.
दुसरं टाकलं.
शरयू काहीतरी सांगत होती, महत्त्वाचं असणार,
माझा हात तिनं दंडाला धरला होता,
आणि तिचं ते अख्खं वाक्य,
खरं सांगते,
मी ऐकलंच नाही.